केनियात मिशनच्या शाळेची मुलं गायनस्पर्धेला न्यायची आहेत, मी नेमकं काय करू?

विषुववृत्तावरून

नमस्कार मंडळी. मार्चपासून मी पश्चिम केनियात एका मिशनच्या प्राथमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून आहे. काकामेगा शहरातून बोडाबोडाने, म्हणजे मोटारसायकलवर मागे बसून, पाऊण तास लागतो. आलो होतो गणित शिकवायला आणि वाचनालय लावायला. पण मला हार्मोनियम वाजवता येते, थोडंफार गाताही येतं, हे मुख्याध्यापिकाबाईंना कळलं आणि त्यांनी मला गायनवृंदाच्या मदतीला दिलं.

इथे केनिया म्युझिक फेस्टिव्हल ही फार मोठी गोष्ट आहे. 1927 पासून चालू आहे. शाळा उप-काउंटीपासून सुरुवात करतात, तिथून काउंटी (म्हणजे साधारण आपला जिल्हा), मग रीजन, आणि शेवटी राष्ट्रीय फेरी. आमची 32 मुलं आहेत, चौथी ते सहावीतली. दोन गाणी बसवली आहेत. एक इंग्रजी सेट पीस, म्हणजे स्पर्धेनेच ठरवून दिलेलं गाणं, तीन आवाजांतलं, वाद्याशिवाय. दुसरं इसुखा बोलीतलं लोकगीत, इसुकुटी या इथल्या नृत्यगानाच्या ढोलांबरोबर.

उप-काउंटीतून आम्ही पुढे गेलो, पण कसेबसे. काउंटीला चार आठवडे आहेत आणि मला दोन गोष्टींनी झोप येत नाही.

पहिली, सेट पीस. दोन आठवडे मी कीबोर्डवर साथ देऊन सराव घेतला. कीबोर्ड असला की मुलं सुरेख गातात. तो बंद केला की पांढरी पाचला सुरू केलेलं गाणं संपेपर्यंत पांढरी चारवर आलेलं असतं. अख्खा एक स्वर खाली! आणि उतरतात सगळी मिळून, म्हणून त्यांना पत्ताही लागत नाही.

दुसरी गोष्ट जास्त लागलेली आहे. लोकगीतात मुलं पुढे-मागे सुरू करायची, एकमेकांवर चढायची, आवाज मोकळा सोडायची. मी ते 'स्वच्छ' केलं. सगळे एकाच मात्रेवर सुरू, आवाज मऊ, शेवट एकत्र. उप-काउंटीच्या परीक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ढोल इसुकुटीचे आहेत पण गाणं प्रार्थनेसारखं वाटतंय. मुलांनी माना खाली घातल्या. चूक त्यांची नव्हतीच.

त्या दिवसापासून वृंदाच्या शिक्षिका (इथल्याच आहेत, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील) सरावाला येतात, पण भिंतीला टेकून उभ्या राहतात. काही बोलत नाहीत. लोकगीताची मुख्य गायिका पाचवीतली एक मुलगी आहे, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जावा. ती आता हळू गाते आणि प्रत्येक ओळीनंतर माझ्याकडे बघते.

मी बाजूला व्हावं का? की राहून दुरुस्त करावं? आणि स्पर्धेच्या दिवशी माझ्यासारख्याचं काम काय असतं? कुणी असं काम केलं असेल तर कृपा करून सविस्तर लिहा.

तिसरा आवाज

मी गेली बरीच वर्षं वृंदगायनात गातो आहे, तेव्हा फक्त सेट पीसबद्दल लिहितो. लोकगीताबद्दल मला बोलण्याचा अधिकार नाही.

कीबोर्ड आजच पेटीत ठेवा. आपल्याला मागे तंबोरा असण्याची सवय असते. षड्ज कुणीतरी धरून ठेवलेला असतो आणि आपण त्याला येऊन मिळतो. वाद्याशिवाय गाणाऱ्या वृंदाकडे तसं कुणी नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या आवाजात आपला सूर शोधायचा असतो. तुमच्या मुलांनी दोन आठवडे कीबोर्ड ऐकला, एकमेकांना ऐकलंच नाही.

सराव निम्म्या आवाजात घ्या. मोठ्याने गाताना कान बंद होतात. पहिला स्वर ट्यूनिंग फोर्कवरून, म्हणजे नादकाट्यावरून, द्या, दोन ओळी गाऊ द्या, थांबवा, शेवटचा स्वर तोंड मिटून धरायला लावा आणि मग तपासा. कुठे घसरतात ते दोन दिवसांत सापडेल. बहुतेक तीन जागा निघतील. एकाच स्वरावर पाच-सहा अक्षरं सलग आली की. वरून खाली येताना, कारण उतरायच्या पायऱ्या मुलं नेहमी मोठ्या घेतात आणि चढायच्या लहान. आणि लांब ओळीच्या शेवटी, श्वास संपत आलेला असतो तिथे.

तिकडे शाळांमध्ये टॉनिक सोल-फा चालतं, म्हणजे डो-रे-मी अशा अक्षरांनी सूर लिहायची पद्धत. हे तुमच्या फार उपयोगाचं आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेन यांनी ती पद्धत घडवली, नॉरिचच्या सारा ग्लोव्हर यांच्या कामावरून, आणि मिशनऱ्यांबरोबर ती आफ्रिकेत पोचली. तिच्यातला 'डो' आपल्या 'सा'सारखाच सरकता आहे, पट्टी कुठलीही असो. तुम्ही मनात सरगम म्हणत त्यांचं सोल-फा वाचू शकाल. फक्त त्यांचा 'सो' म्हणजे आपला पंचम आणि त्यांचा 'ला' म्हणजे धैवत, हे जिभेला वळण लागेपर्यंत गोंधळ होईल.

आणखी एक. कीबोर्डवरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो. तीन आवाज छान जुळून आलेले असताना सोल-फातला 'मी', म्हणजे गंधार, तुम्हाला कीबोर्डच्या मानाने उतरलेला वाटला, तर तो दुरुस्त करू नका. मुलांचं बरोबर आहे.

जुनी शिक्षिका

तुमचं वाचून मला माझी दोन वर्षं आठवली. 2015 ते 2017, तुमच्यापासून फार लांब नाही, विहिगा काउंटीत. मीही मिशनच्याच शाळेत होते.

आधी त्या शिक्षिकांचं. बाकी सगळं नंतर. त्या भिंतीला टेकून उभ्या आहेत याचा अर्थ त्यांनी वृंद तुमच्या हवाली केला असा नाही. परदेशातून आलेल्या पाहुण्याला, त्यातून मिशनने पाठवलेल्या, मुलांसमोर चूक म्हणणं त्यांना शोभणारं वाटत नाही, इतकंच. तुम्ही उद्या सराव सुरू व्हायच्या आधी त्यांच्याकडे जा. मुलांसमोर नको. 'लोकगीत माझ्यामुळे बिघडलं' हे स्पष्ट शब्दांत म्हणा आणि 'म्वालिमू, हे गाणं मला शिकवा' अशी विनंती करा. म्वालिमू म्हणजे शिक्षक, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नुसतं 'आता तुम्ही घ्या' म्हणून हात झटकलेत तर ते रुसण्यासारखं दिसेल. शिकायला बसा. मुलांच्या ओळीत, मागे, उभं राहून शिका. त्या पाचवीतल्या मुलीला तिच्या ओळीनंतर तुमच्याकडे बघायची गरजच राहणार नाही, कारण तुम्ही तिच्यामागे असाल आणि तिने म्हटलेल्या ओळीला उत्तर द्यायच्या घाईत असाल.

इसुकुटी हे इसुखा आणि इदाखो लोकांचं नृत्यगान आहे. ढोल तीन असतात, मोठा, मधला आणि लहान. जोडीला हरणाचं शिंग आणि लोखंडी खुळखुळे. मुख्य गायक ढोलाच्या आणि नाचणाऱ्यांच्या पावलांच्या अंगाने ओळ टाकतो आणि बाकीचे उचलतात. बाळ जन्मलं, लग्न झालं, कुणी गेलं, सगळ्याला इसुकुटी आहे. शिकवायला नवी माणसं कमी होत चालली म्हणून 2014 मध्ये युनेस्कोने तिची नोंद तातडीने जपण्याच्या यादीत केली. तुम्ही ज्याला 'एकमेकांवर चढणं' म्हणता ना, ते गाण्याचं अंग आहे. उत्तर देणाऱ्यांचा शेवटचा स्वर हवेत असतानाच मुख्य गायिका पुढची ओळ घेते. तिथे फट पडली की नाचणारे पाय अडखळतात. तुम्ही सगळ्यांना एका मात्रेवर आणलंत तेव्हा ढोलाला उत्तर द्यायला कुणी उरलंच नाही. परीक्षकांना जे जाणवलं ते हेच.

माझं ऐकाल तर गावातल्या एखाद्या वृद्ध ढोलवाल्याला दोन सकाळी बोलवा. आमच्याकडे एक आजोबा यायचे. मधल्या ढोलावर हात ठेवूनच मुलांशी बोलायचे. मुलांनी त्यांच्याकडून दोन तासांत जे उचललं ते मी दोन महिन्यांत देऊ शकले नसते.

सराव सकाळी घ्या. तुमच्या भागात दुपारनंतर पाऊस कोसळतो आणि वर्गावर माबाती, म्हणजे पत्रा. त्या आवाजात मुलं ओरडून गातात आणि घसे बसतात. आम्ही एक आठवडा असाच घालवला.

आता स्पर्धेच्या दिवसाचं. माझ्या हातून झालेली चूक सांगते, तुमच्याकडून होऊ नये म्हणून. पोशाखाच्या पेटीची किल्ली माझ्याकडे होती. आदल्या संध्याकाळी निरोप आला, बस 'सा तातू'ला. मला आकडे येत होते, तातू म्हणजे तीन. मी दुपारी तीन धरले. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे सा मोजा, पहिला तास. सा तातू म्हणजे नऊ! मी नऊ वाजता काकामेगाच्या बाजारात फिती विकत घेत होते. मुलांनी अर्धा तास वाट पाहिली आणि शाळेच्या स्वेटरवरच गेली. मी पोचले तेव्हा त्यांचं गाऊन झालं होतं. कुणी एक शब्द बोललं नाही. उलट एक मुलगा जवळ येऊन मला म्हणाला, 'पोले, मॅडम.' कुणाला काही लागलं, कुणाचं काही हरवलं की तिथे पोले म्हणतात, चूक कुणाची का असेना. मला अजून ते ऐकू येतं. तेव्हा वेळ सांगितली की दोन्ही पद्धतींनी विचारून घ्या, आणि किल्ली, पैसे, कागद असं काहीही एकट्या आपल्याकडे ठेवू नका.

त्या दिवशी तुम्ही करायचं ते असं. पहाटे मुलांनी उजी, म्हणजे पातळ लापशी, पोटभर घेतली की नाही बघायचं. नंबर कधी लागेल याचा नेम नसतो, पाच-सहा तास बसावं लागतं, म्हणून पाणी आणि मंदाझी, म्हणजे तिकडच्या तळलेल्या गोड पुऱ्या, बरोबर हव्यात. बसमध्ये चढताना आणि उतरताना मोजायचं, 32 म्हणजे 32. गायला जाताना स्वेटर आपल्या हातावर घ्यायचे. आणि सभागृहात मुलांना दिसेल अशा जागी बसायचं, पण हात मांडीवर. ताल धरायचा नाही, ओठ हलवायचे नाहीत. समोर शिक्षिका उभ्या असतात, मुलांची नजर तिथेच राहायला हवी.

खर्चाचं विचारलं नाहीत, पण सांगते. बसच्या डिझेलला पैसे कमी पडले तर सगळे स्वतः भरून टाकू नका. पालक हराम्बे, म्हणजे वर्गणी, करतात, ज्याला जमेल तो एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून, पन्नास-शंभर शिलिंग पाठवतो. तुम्हीही त्यांच्याइतकेच पाठवा. ज्या आईने पन्नास शिलिंग घातलेत ती मैदानाच्या कडेला वेगळ्या ताठपणे उभी असते.

विषुववृत्तावरून

ताई, तुमचं उत्तर मी काल रात्री तीनदा वाचलं. आज सकाळी सातला, सा मोजाला, शिक्षिकांशी बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग माझ्या हातात खुळखुळे दिले. एवढंच झालं. मला वाटतं पुरेसं आहे.

एक काळजी आहे. त्या मुलीचा आवाज चार दिवसांपासून घोगरा झालाय. मुलं म्हणतात कुजबुजत बोल म्हणजे बरा होईल. आणि दुसरं, देणगीदारांना पाठवायला मिशनच्या कार्यालयाने मुलांचे फोटो आणि व्हिडिओ मागितले आहेत. पाठवू का?

कान नाक घसा

कुजबुजणं ही विश्रांती नाही, त्यानेही स्वरयंत्रावर ताण पडतो. बोलायचंच तर हळू पण नेहमीच्या आवाजात. पाच-सहा दिवस गाणं बंद, मैदानावर ओरडणं बंद, दिवसभर थोडं थोडं पाणी. तिने सरावाला यावं, बसून ऐकावं, ओळी मनात म्हणाव्यात. सारखं खाकरून घसा साफ करायची सवय असेल तर त्याऐवजी पाण्याचा घोट घ्यायला सांगा. ताप असेल, गिळताना दुखत असेल, श्वासाला त्रास असेल तर वाट न पाहता दवाखान्यात न्या. तुमचा भाग मलेरियाचा आहे, तापाकडे दुर्लक्ष नको. नुसता घोगरेपणाही दोन-तीन आठवडे टिकला तर तपासून घ्या. आणि तिच्या ओळी आणखी एका मुलीला पाठ करून ठेवायला सांगा. तिची जागा काढून घेण्यासाठी नाही. आपण आजारी पडलो तर सगळं बुडेल, हे ओझं त्या वयाच्या मुलीवर नसावं, म्हणून.

जुनी शिक्षिका

फोटोंचं मी सांगते. पालकांना विचारल्याशिवाय एकही पाठवू नका. केनियात 2019 चा डेटा संरक्षण कायदा आहे आणि मुलांची माहिती वापरायची तर पालकांची संमती लागते. मुख्याध्यापिकाबाईंमार्फत ती पालकांकडून लेखी घ्या, कशासाठी वापरणार तेही त्या कागदावर असू द्या. आणि संमती मिळाली तरी मुलांची नावं आणि शाळेचा पत्ता फोटोखाली घालू नका. गातानाचा फोटो पाठवा, अनवाणी पायांचा नको. आमच्या एका मुलीने स्वतःचा तसा फोटो पुढे एका पत्रकावर पाहिला होता. ती गप्प झाली होती, आणि मला तिला काही सांगता आलं नाही.

विषुववृत्तावरून

काल काउंटी झाली. लिहायला उशीर झाला कारण रात्री परत येताना बस चिखलात रुतली. इथे वर्षभर पावणेसातच्या सुमारास अंधार पडतो, आणि आम्ही त्यानंतर तासभर रस्त्यावर होतो. सगळी 32 सुखरूप घरी पोचली. चारदा मोजली.

सेट पीसमध्ये आम्ही सहावे आलो. पण शेवटचा स्वर संपल्यावर मी खिशातला ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर वाजवून कानाला लावला. पाव स्वरही उतरले नव्हते. तिसरा आवाज, तुम्हाला हे आधी सांगायचं होतं. मधल्या ओळीतली ती लांब उतरण आम्ही तीन आठवडे रोज निम्म्या आवाजात घासली.

लोकगीताला पावणेदोन तास उशीर झाला. पाऊस आला, सभागृहावर पत्राच होता, परीक्षकांनी थांबवलं. मुलांना थंडी वाजत होती, सगळ्यांना स्वेटर परत चढवले. त्या मुलीचा आवाज आठवड्यापूर्वीच मोकळा झाला होता. ती खिडकीशी उभी राहून पावसाकडे बघत होती आणि दुसरी मुलगी, जिने ओळी पाठ केल्या होत्या, तिचा हात धरून उभी होती. पाऊस ओसरला आणि आमचा नंबर पुकारला.

आजोबांनी (हो ताई, आम्हालाही एक आजोबा मिळाले) तीन सकाळी येऊन मोठा ढोल कुठे थांबवायचा ते शिकवलं होतं. ढोल थांबतो, फक्त खुळखुळे राहतात, आणि त्या मोकळ्या जागेत ती मुलगी ओळ टाकते. काल तिने ती टाकली तेव्हा मागच्या बाकांवरच्या, दुसऱ्या शाळेच्या आया उठून उभ्या राहिल्या आणि उत्तर देऊ लागल्या. माझे हात मांडीवर होते, तुम्ही सांगितलं तसे. फार कठीण गेलं. शिक्षिका तर समोर उभ्या राहून स्वतःच खांदे हलवत होत्या.

निकाल वाचताना परीक्षकांनी मुख्य गायिकेचा वेगळा उल्लेख केला आणि आमची शाळा रीजनसाठी पुकारली. शिक्षिका प्रमाणपत्र घ्यायला पुढे गेल्या, मुलं त्यांच्यामागे पळाली. मी स्वेटर घेऊन बाकावर होतो. 32 स्वेटर म्हणजे चांगलंच ओझं असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

पालकांची संमती सव्वीस घरांतून आली, सहांनी नको म्हटलं. त्या सहा मुलांना ओळखता येणार नाही असा एकच फोटो कार्यालयाला पाठवला.

आता एक प्रश्न. रीजनला मुक्काम असेल असं म्हणतात. यजमान शाळेत झोपायची सोय होते म्हणे, पण नेमकं काय न्यायचं हे इथे प्रत्येक जण वेगळं सांगतोय. ताई, तुमच्या वेळी काय नेलं होतं?

जुनी शिक्षिका

वाचून फार आनंद झाला. त्या मुलीला माझ्याकडून होंगेरा, म्हणजे अभिनंदन, सांगा.

आमच्या वेळी वर्गखोल्यांत झोपलो होतो. पातळ गाद्या बसच्या टपावर बांधून नेल्या, वर ताडपत्री, कारण वाटेत पाऊस हमखास. प्रत्येकी एक ब्लँकेट. मच्छरदाण्या विसरू नका, आणि त्या टांगायला सुतळीचं एक बंडल. दहा मुलांमागे एक बादली. मुलींच्या खोलीत शिक्षिका आणि एक आई, मुलांच्या खोलीत तुम्ही आणि एक वडील. कुठल्याच खोलीत एकच मोठं माणूस नको. औषधांची पिशवी शिक्षिकांकडे, आणि तिची यादी तुमच्याकडे.

ढोल गाद्यांबरोबर टपावर टाकू नका. कातडं ओलं झालं की आवाज जातो. आम्ही ते सीटवर मुलांच्या मांडीवर ठेवून नेले होते.